पेवात कंदील

रविवार पुरवणीला साडेतीनशे शब्द लागतात
शुक्रवारी पाचच्या आत,
आणि खाली तारे. पाचपैकी किती, ते.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात
वसगडे आणि मंडळींच्या अडतीवर हिशेब लिहिते.
हळदीची धूळ खतावणीच्या शिवणीत बसते,
परीक्षणाला आलेल्या पुस्तकांच्याही.
वाचून कुणाला दिलं की विचारतात,
लग्नघरात वाचत बसली होतीस काय?

ह्या खेपेची कादंबरी दोनशे ऐंशी पानांची.
गावातल्या सगळ्या विहिरी एका रात्रीत जागा बदलतात.
चाललं.
एक शिंपीण मेलेल्यांची मापं तोंडपाठ ठेवते,
दर अवसेला कुणीतरी येऊन सदरा घालून बघतं
आणि बाह्या आखूड झाल्या म्हणून कुरकुरतं.
हे तर फारच चाललं.
मेल्यावरही हात वाढत असतील
हे मला कधी सुचलं नव्हतं.

पण पान एकशे बारावर
नायक घामाघूम होऊन उठतो
आणि लेखक हळूच कानात सांगतो,
ताप होता हो, भास होते.
मी समासात लिहिलं : पटत नाही.
मग बघत बसले त्या दोन शब्दांकडे.
अख्ख्या पुस्तकात घडण्यासारखं
तेवढंच तर एक पान होतं.

गैबीसाब मुल्लाणी थप्पी लावून तंबाखू मळत बसलेले.
तरुणपणी हरिपूरच्या पेवांत उतरायचे ते.
वर तोंड एवढंसं, आत दोन पुरुष खोल,
आणि तळाला वर्षानुवर्षं निजलेली हळद.
मी सहज विचारलं, भीती नाही वाटायची?
"झाकन काढलं की लगीच न्हाई उतरायचं, बाई.
आदी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला तर वर वढायचा, बिडी प्यायची, वाट बगायची.
खाली सोनं असू दे,
हवा नसली तर मानूस मरतंय."
आणि जळत राहिला तर?
"तर उतरायचं.
वरनं इचारत बसायचं न्हाई खाली काय हाय म्हनून."

मग तेच बोलले, पुराचं.
पेवं फुटली, पाणी पिवळं होऊन गल्लीत चढलं.
गौराक्का, नवरा जाऊन तीस वर्षं झालेली,
तिला माळ्यावरून उतरवायला होडी गेली
तर ती उंबऱ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी.
बाहेर काढली तेव्हा गळ्यापर्यंत पिवळीधमक.
पाणी ओसरलं तरी आठ दिवस आंघोळ करीना.
म्हणे, नदीनं लावलीय,
माणसांनी काढायची नाही.

हे खरं का, गैबीसाब?
तंबाखू गालात गेली.
"पानी आल्तं, हे खरं."
एवढंच. भास म्हणाले नाहीत, ताप म्हणाले नाहीत.

पावणेपाचला माझे तीनशे एकेचाळीस शब्द झाले.
शेवटचं वाक्य असं :
कंदील जळतो, उतरा,
फक्त एकशे बाराव्या पायरीवर श्वास धरा.
तारे तेवढे राहिले.
गैबीसाबनी खांद्यावरचा टॉवेल
जुन्या सौद्यासारखा माझ्या हातावर टाकला.
"बोला. भाव काय?"
आत त्यांची बोटं पोत्यासारखी खरबरीत.
मी चार धरली.
ते पान आठवलं, करंगळी सोडली.
शिंपीण आठवली, परत धरली.
"ठरला," म्हणाले,
आणि किती ते कुणाला सांगणार नाहीत.
पुरवणीवाल्यांचा फोन आला, तारे राहिलेत मॅडम.
म्हटलं, सौदा झालाय, रुमालाखाली.
ते म्हणाले, म्हणजे किती?

रात्री दिव्याखाली हात पुढे केला
तर कुडत्याची बाही
मनगटाच्या वर एक बोट.
धुण्यात आटली असेल,
असं तोंडापर्यंत आलं होतं.